मुक्या जिवाचा कर्णनाद : एका प्रयोगपरंपरेची चिकित्सा

ताप किती आहे हे तापमापी सांगते. कानात मळ साचला असेल तर तो डॉक्टरांना दिसतो. पण ‘कानात सारखी शिट्टी वाजते’ ही तक्रार रुग्णाने स्वतः सांगितल्याशिवाय कळण्याचा मार्ग बहुतेक वेळा नसतो. बाहेर काहीही वाजत नसताना शिट्टी, रातकिड्यांची किरकिर किंवा वाफेचा फुसफुसाट ऐकू येणे याला कर्णनाद म्हणतात. वाढते वय, मोठ्या आवाजाचा मारा, कानाचे आजार अशी त्याची अनेक कारणे आहेत. काही औषधे हेही त्यातलेच एक कारण आहे.

या औषधांचे दोन गट लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पहिला गट सॅलिसिलेटचा, म्हणजे ॲस्पिरिन आणि त्याच्या भावंडांचा. मोठ्या मात्रेत घेतल्यास कानात आवाज येऊ लागतो आणि ऐकूही कमी येते; औषध थांबवले की दोन्ही त्रास बहुधा ओसरतात. दुसरा गट स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन, जेंटामायसिन या इंजेक्शनांचा. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा वेटोळे घातलेला एक भाग असतो. त्यातल्या रोमपेशी ध्वनीच्या कंपनांचे चेतासंदेशात रूपांतर करतात. दुसऱ्या गटातली औषधे या पेशींनाच मारू शकतात, आणि सस्तन प्राण्यांत मेलेल्या रोमपेशी पुन्हा उगवत नाहीत. अशा रुग्णाला कर्णनाद हा पुष्कळदा पहिला इशारा असतो. ‘कानात वाजते’ असे त्याने वेळीच सांगितले तर डॉक्टरांना औषध बदलण्याचा किंवा मात्रा कमी करण्याचा विचार करता येतो.

पण ज्याला सांगताच येत नाही त्याचे काय? आठ दिवसांचे बाळ सांगू शकत नाही, आणि प्रयोगशाळेतला उंदीरही सांगू शकत नाही. असे असूनही १९८८ सालापासून ‘उंदरात कर्णनाद निर्माण केला’ अशा अर्थाचे शोधनिबंध प्रसिद्ध होत आले आहेत. हा दावा कशाच्या आधारावर केला जातो, तो कुठपर्यंत टिकतो, आणि वाढत्या वयाच्या पिल्लांना तो लावला की काय होते, हे या लेखात तपासायचे आहे.

आपल्याशी याचा संबंध काय?

तुळजापूर, परंडा किंवा उमरग्याच्या शाळेतल्या शिक्षकाला परदेशातल्या उंदरांचे हे प्रयोग दूरचे वाटण्याची शक्यता आहे. पण यातली औषधे दूरची नाहीत. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तिथे आधी पेनिसिलिन आणि पुढे स्ट्रेप्टोमायसिन तयार होऊ लागले. १९९७ मध्ये सुरू झालेला सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रम २००६ पर्यंत देशभर पोचला. पुन्हा उपचार घ्यावा लागणाऱ्या क्षयरुग्णाला त्यात पहिले दोन महिने स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने दिली जात. जागतिक आरोग्य संघटनेने ही उपचारपद्धती वापरू नये असे सांगितले ते २०१७ मध्ये. म्हणजे धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतही हे इंजेक्शन घेतलेली माणसे आज असणार.

नवजात बाळांच्या बाबतीत तर महाराष्ट्राचा वाटा मोठाच आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि ‘सर्च’मधील त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९ गावांत बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत उभी केली. गावातल्याच प्रशिक्षित बाया जंतुसंसर्ग झालेल्या बाळाची लक्षणे ओळखत आणि जेंटामायसिनचे इंजेक्शन देत. जोडीला तोंडाने द्यायचे औषध असे. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटला होता. तेव्हा हे औषध वाईट, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. मात्र जे औषध जीव वाचवते तेच कानाला धोका पोचवू शकत असेल, आणि ते घेणारा जीव काही सांगू शकत नसेल, तर ‘न बोलणाऱ्याला काय ऐकू येते’ हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता राहत नाही.

जॅस्ट्रेबॉफ यांचा प्रयोग

पावेल जॅस्ट्रेबॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली केलेला प्रयोग या परंपरेचा पाया मानला जातो. त्याची रचना अशी. तहानलेल्या उंदराला नळीतून पाणी चाटायला मिळते. पिंजऱ्यात सतत एक घरघर चालू असते, रेडिओवर केंद्र लागत नसताना येते तशी. मधूनच ही घरघर बंद होते, शांतता पसरते आणि शांततेच्या शेवटी पायाला विजेचा सौम्य झटका बसतो. थोड्याच दिवसांत उंदीर शिकतो की शांतता म्हणजे धोका. शांतता झाली की तो चाटणे थांबवतो. यानंतर झटके बंद करतात आणि शांततेची ही भीती किती दिवस टिकते ते मोजतात.

आता सॅलिसिलेट द्यायचे. औषधाने उंदराच्या कानात खरोखरच काही वाजू लागले, तर बाहेरची घरघर थांबली तरी त्याला पुरती शांतता मिळणार नाही. मग तो चाटत राहील. शिकवणी संपल्यावर ज्या उंदरांना औषध दिले ते शांततेत इतरांपेक्षा जास्त चाटू लागले. त्यांची भीती लवकर विरली.

इथे विद्यार्थी लगेच हरकत घेईल, आणि ती योग्यच आहे. सॅलिसिलेटने ऐकूही कमी येते. मग उंदराला घरघर आणि शांतता यांतला फरकच नीट कळेनासा झाला असेल! किंवा औषधाने त्याला मळमळले असेल, तो गोंधळला असेल. कर्णनादच कशाला मानायचा?

या हरकतीचे उत्तर दुसऱ्या गटाने दिले आणि प्रयोगाचे खरे मोल तिथेच आहे. या गटाला औषध शिकवणी सुरू होण्याच्या आधीपासून दिले होते. त्यांच्या कानात काही वाजत असेल तर घरघर बंद झाल्यावर त्यांना ते वाजणे ठळक ऐकू येणार, आणि झटक्याचा संबंध ते त्या वाजण्याशी जोडणार. पुढे घरघर थांबली की तोच ‘धोक्याचा आवाज’ पुन्हा येणार. म्हणून त्यांची भीती जास्त काळ टिकायला हवी. तशी ती टिकली. औषध एकच, पण ते केव्हा दिले यावरून परिणाम उलट्या दिशांना गेले. नुसते ऐकू कमी येणे किंवा मळमळणे यांनी दोन्ही गट एकाच दिशेला ढकलले गेले असते. ‘कानात आवाज’ या एकाच कल्पनेतून दोन्ही परिणामांचा उलगडा होतो.

मात्रेविषयीची एक हरकतही नेहमी ऐकू येते. उंदराला दररोज किलोमागे ३०० मिलिग्रॅम औषध दिले होते. सरळ हिशोबाने ५० किलोच्या माणसाला हे १५ ग्रॅम, म्हणजे ३२५ मिलिग्रॅमच्या ४६ गोळ्या होतात! ही हरकत मात्र लंगडी आहे. लहान प्राण्याच्या शरीरात रासायनिक घडामोडी वेगाने होतात, म्हणून वजनाच्या सरळ प्रमाणात मात्रा मोजत नाहीत. औषधशास्त्रातला रूढ नियम असा की किलोमागे उंदराला दिलेली मात्रा माणसासाठी साधारण ६ ने भागावी. त्या हिशोबाने ती किलोमागे ५० मिलिग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या माणसाला सुमारे अडीच ग्रॅम होते. संधिवातावर पूर्वी मोठ्या मात्रेत ॲस्पिरिन देत, तेव्हा कानात आवाज येण्याच्या तक्रारी जिथे सुरू होत त्याच्या आसपासच ही मात्रा येते. टीका करताना आकड्याने दिपून जाऊ नये, हा धडा यातून घ्यावा.

पुढचे दोन टप्पे

२००३ मध्ये फ्रान्समधील माँपेलिए येथे गितों आणि सहकाऱ्यांनी प्रश्न दुसऱ्या बाजूने विचारला. विशिष्ट स्वर ऐकू आला की खांबावर चढायचे, असे त्यांनी उंदरांना शिकवले. सॅलिसिलेट दिल्यावर उंदीर स्वर नसतानाही खांबावर चढू लागले. ऐकू कमी येणारा प्राणी खरा स्वर चुकवेल. नसलेल्या स्वराला तो उत्तर का देईल? तरीही संशोधकांनी ऐकण्यातली घट भरून निघेल इतका स्वर मोठा करून पुन्हा पाहिले. शिवाय एका विशिष्ट रासायनिक ग्राहकाचे काम आतल्या कानातच रोखले, तेव्हा हे चुकीचे चढणे कमी झाले. वर्तन आणि त्यामागची यंत्रणा या दोन्हींची इथे सांगड घातली गेली.

२००६ मध्ये अमेरिकेत जेरेमी टर्नर आणि सहकाऱ्यांनी याहून सोपी युक्ती काढली. अचानक मोठा आवाज झाला की उंदीर दचकतो. त्या आवाजाच्या किंचित आधी चालू घरघरीत क्षणभराची खाच ठेवली, तर ती पूर्वसूचनेसारखी काम करते आणि उंदीर कमी दचकतो. कर्णनाद असेल तर तो ही खाच ‘भरून काढील’ आणि उंदीर पूर्ववत दचकेल, असा तर्क होता. या पद्धतीला शिकवणी लागत नाही, उपाशी-तहानलेले ठेवावे लागत नाही, आणि चाचणी थोड्या वेळात उरकते. साहजिकच ती झपाट्याने पसरली.

पण इथे सोयीसाठी तर्काची किंमत मोजावी लागली आहे. कर्णनाद खाच भरून काढतो, हे गृहीतच आधी तपासायला हवे होते. ते तपासण्याची सोपी जागा म्हणजे बोलणारा प्राणी, माणूस. २०१३ मध्ये ते तपासले गेले. एका अभ्यासात कर्णनाद असलेल्या माणसांना अशा खाचा व्यवस्थित ओळखता आल्या. दुसऱ्यात त्यांचे दचकणे वेगळे आढळले खरे, पण कर्णनादाच्या पट्टीशी न जुळणाऱ्या घरघरीतही ते तसेच वेगळे होते. म्हणजे ही चाचणी काहीतरी मोजते हे नक्की. पण ते कर्णनादच आहे असे म्हणता येत नाही. जॅस्ट्रेबॉफ यांच्या प्रयोगात पर्यायी कारणे बाद करण्याची जी सोय होती, ती या झटपट पद्धतीत हरवली.

पिल्लांकडे वळताना

मोठ्या उंदरांवर इतक्या अडचणी, तर पिल्लांवर किती? उंदराचे पिल्लू जन्मते तेव्हा त्याला ऐकू येत नाही. बाराव्या-तेराव्या दिवशी कानाची वाट उघडते आणि त्यानंतरच्या काही दिवसांत मेंदूतल्या श्रवणक्षेत्राची घडण होते. नेमक्या याच दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कॅनामायसिनसारख्या औषधांचा पिल्लांच्या कानावर मोठ्या उंदरांपेक्षा जास्त घातक परिणाम होतो, हे पूर्वीच दिसून आले आहे. म्हणून पिल्लांचा अभ्यास हवाच. प्रश्न आहे तो साधनांचा, आणि माझ्या मते तीन ठिकाणी ही साधने अपुरी पडतात.

पहिले, वेळ. शिकवणीला कित्येक दिवस लागतात. तेवढ्यात पिल्लाचा कान आणि मेंदू दोन्ही बदलून जातात. सुरुवातीला मोजले तेच शेवटी मोजतो आहोत, असा भरवसा राहत नाही. झटपट चाचणी घ्यावी, तर लहान पिल्लांना मुळात खाच ओळखणेच मोठ्या उंदरांइतके जमत नाही. वयाबरोबर ते सुधारते. पिल्लू दचकले, तर त्याला कर्णनाद आहे की ते फक्त लहान आहे?

दुसरे, घरघर. जॅस्ट्रेबॉफ पद्धतीत पिंजऱ्यात सतत घरघर लागते. पण २००३ मध्ये एडवर्ड चँग आणि मायकेल मर्झेनिक यांनी दाखवले की पिल्ले सततच्या मध्यम घरघरीत वाढवली तर त्यांच्या श्रवणक्षेत्राची घडणच लांबणीवर पडते. म्हणजे मोजपट्टीनेच मोजायची वस्तू बदलते. या निष्कर्षावरून कोणी तुळजापूरच्या गोंधळातल्या संबळावर घसरू नये. संबळात ठेका आहे, सुरुवात आहे, थांबणे आहे. चँग-मर्झेनिक यांची घरघर या सगळ्याशिवायची, अखंड सपाट होती. फार मोठ्या आवाजाने रोमपेशींना इजा होते हे खरेच, पण तो वेगळा मुद्दा आहे आणि त्याचे पुरावेही वेगळे आहेत.

तिसरे, शांततेचा अर्थ. वर्तन पाहता येत नसेल तर चेतापेशींच्या हालचाली मोजाव्यात, असे कोणी म्हणेल. मोठ्या प्राण्यात बाहेर आवाज नसताना श्रवणमार्गातल्या पेशी जास्त कार्यरत दिसल्या तर ती कर्णनादाची खूण समजली जाते. पण २००७ मध्ये ट्रिट्श, बर्गल्स आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या पिल्लांत दाखवले की ऐकू येऊ लागण्यापूर्वी आतल्या कानातल्या आधारपेशी स्वतःच एक रसायन सोडतात आणि त्यामुळे रोमपेशी थांबून थांबून संदेश पाठवत राहतात. बाहेर आवाज नसतानाची ही खळबळ निरोगी असते, आणि श्रवणमार्गाची जुळणी होण्यात तिचा हातभार लागतो असे मानले जाते. मोठ्यांत जी आजाराची खूण, ती पिल्लांत वाढीचे लक्षण. ज्या कानाला शांतता म्हणजे काय हेच अजून ठाऊक नाही, त्याच्यातल्या ‘शांततेतल्या आवाजा’ला कर्णनाद हे नाव कसे द्यावे?

तेव्हा ‘औषधाने पिल्लांत कर्णनाद झाला’ असे वाक्य दिसले की ते ‘औषधानंतर पिल्लांचे वर्तन किंवा पेशींचे कार्य बदलले’ असे वाचावे. त्यापुढची झेप सिद्ध व्हायची आहे. प्राण्यांना यात झटके आणि तहान सोसावी लागते. ज्या प्रयोगातून प्रश्नाचे उत्तर मिळण्याची शक्यताच नाही तो करू नये, हा मुद्दा विज्ञानाचा आहे तसाच माणुसकीचाही आहे.

बाळापर्यंत काय पोचते?

या टीकेचा अर्थ ‘सिद्ध नाही, म्हणून काळजी नको’ असा काढला तर तो उलटा होईल. कर्णनाद सिद्ध करणे कठीण आहे. ऐकण्यातली घट मोजणे कठीण नाही. निरोगी कान स्वतःही अगदी क्षीण ध्वनी बाहेर टाकतो, हे डेव्हिड केंप यांनी १९७८ मध्ये दाखवले. त्यावर आधारलेली तपासणी झोपलेल्या बाळावरही काही मिनिटांत होते. मेंदूच्या लहरींवरून श्रवण तपासण्याची सोयही आहे. बाळाच्या उत्तराची यात गरज पडत नाही.

वयाचा हिशोबही ध्यानात घ्यावा. माणसाचे बाळ पोटात असतानाच, सहाव्या महिन्याच्या सुमारास आवाजाला प्रतिसाद देऊ लागते. उंदराच्या पिल्लाचा दुसरा आठवडा माणसाच्या गर्भावस्थेत पडतो. म्हणून गरोदर स्त्रीला स्ट्रेप्टोमायसिन देत नाहीत. पूर्वी दिलेल्या काही मातांची मुले बहिरी जन्मल्याची नोंद आहे. आणि म्हणूनच सातव्या महिन्यात जन्मलेल्या, अतिदक्षता कक्षात जेंटामायसिन घेणाऱ्या बाळाची श्रवणतपासणी विसरता कामा नये. त्याची मूत्रपिंडे अजून कच्ची असतात आणि औषध शरीरात जास्त वेळ रेंगाळते. काही कुटुंबांत आईकडून येणाऱ्या एका जनुकीय बदलामुळे या औषधांच्या थोड्या मात्रेनेही बहिरेपण येते. ‘आईच्या माहेरी इंजेक्शनानंतर कोणाला ऐकू येईनासे झाले होते का?’ हा साधा प्रश्न म्हणूनच मोलाचा आहे.

शिक्षकाचे काम इथे सुरू होते. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या आणि शाळांतल्या मुलांची तपासणी होते, आणि तिच्यात श्रवणदोषही येतो. पथक येईल तेव्हा ज्याच्याविषयी शंका आहे ते मूल त्या दिवशी हजर राहील एवढे तरी शिक्षकाला पाहता येते. शिवाय लहानपणापासून कर्णनाद असलेले मूल बहुधा तक्रार करत नाही. सगळ्यांनाच असे ऐकू येत असेल असे त्याला वाटते. ‘वर्गात सगळे गप्प असताना तुला काही ऐकू येते का?’ असे मोकळेपणाने विचारले तरच ते कळते.

वर्गासाठी एक प्रयोग

नववी-दहावीच्या मुलांना हे सगळे सांगण्यापेक्षा करायला द्यावे. एका विद्यार्थ्याचे डोळे बांधा. दुसऱ्याने हातघड्याळ त्याच्या कानापासून वेगवेगळ्या अंतरांवर धरावे. ऐकू आले तर पहिल्याने हात वर करायचा. मात्र दहापैकी चार वेळा घड्याळ धरायचेच नाही, आणि हे त्याला सांगायचे नाही. घड्याळ नसताना हात किती वेळा वर गेला ते मोजा. मग वर्गाला विचारा : तो हात का वर गेला? त्याला खरेच काही ऐकू आले, त्याने अंदाज बांधला, की जवळच्याची हालचाल त्याला जाणवली? प्रत्येक कारण खोटे ठरवण्यासाठी प्रयोगात काय बदल करावा लागेल?

मुले एकेक बदल सुचवू लागली, की न बोलणाऱ्याचे मन ओळखण्याची वाट किती अवघड आहे आणि ती कशी चालावी लागते, हे त्यांना आपोआप उमगेल.